खालची माती

टोमॅटोला घाबरणारी बाई तुम्ही कधी पाहिलीय? तारोडीत आहे एक, सुगंधा तिचं नाव. विहिरीपाशी फुरसं आडवं गेलं तर "जा बाबा तुझ्या वाटेनं" म्हणून बाजूला होणारी ही बाई. पण भर दुपारी टोमॅटोचं एखादं पान मलूल दिसलं की ती हातातलं टाकून मागे सरते. हसू नका. तिच्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं, तर तुम्ही बाजारात टोमॅटोच्या पाटीकडे पाठ करून चालला असतात.

झालं असं. उत्तनच्या रस्त्यावरून तारोडीकडे वळलं की उतारावर तिच्या सासूची, जिजाबाईंची वाडी लागते. वरचा तुकडा विहिरीलगतचा, काळ्या मातीचा. खालचा फणसाजवळचा, लाल मातीचा. गेल्या हिवाळ्यात दोन्हीकडे टोमॅटो लावला होता आणि खालची झाडं दुपारी माना टाकायला लागली. संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. सुगंधाला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिनं पाणी वाढवलं, तर पानं पिवळी पडली. जिजाबाई म्हणाल्या, "नजर लागली गो," आणि त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्यानंही काही होईना, तेव्हा वैतागून सुगंधानं एक झाड उपटलं आणि किंचाळून हातातलं टाकूनच दिलं. मुळं कुठली! आल्याचे गड्डे लोंबत होते नुसते. गाठीला गाठ, त्या गाठीला आणखी गाठ. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, वेड लागल्यासारखी उपटत सुटली. सगळ्यांना तेच. वरच्या तुकड्यातही काही झाडांना सुरुवात झाली होती.

भाजी लावणाऱ्या बायकांना शिकवायला मृणालिनी मॅडम गावात येतात. त्यांच्याकडे सुगंधा ते मूळ पिशवीत घालून घेऊन गेली. मॅडमनी एकदाच बघितलं.

"सूत्रकृमी. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक जंत असतो. मुळात शिरतो, तिथंच घर करतो, तिथंच अंडी घालतो. झाडाचं पाणी मधल्या मधे अडतं."

"आले कुठून?"

"कुदळीबरोबर, चपलेबरोबर, रोपाबरोबर. थोडीशी माती इकडची तिकडे गेली तरी पुरे."

"आणि जातात कसे?"

"जात नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कमी करता येतात."

ते वाक्य सुगंधाच्या डोक्यात जे जाऊन बसलं, ते उठेना. घरी येऊन तिनं हात साबणानं धुतले, मग राखेनं धुतले. भाकरी थापताना तिला वाटे, परातीतही ते वळवळत असतील.

आता घरची गोष्ट सांगतो, म्हणजे तिची भीती कळेल. जिजाबाईंना मुलगे दोन. थोरला निकेत, सुगंधाचा नवरा, भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात पाळीवर. त्याचा वाडीशी संबंध एवढाच की वाडीतली भाजी त्याच्या डब्यात जाते. धाकटा रोहित पेणकरपाड्याला फ्लॅट घेऊन राहतो. वाईट माणूस नाही हं तो, आईचं दुखलं-खुपलं बघतो. पण त्याच्या ओळखीच्या शिवाला टेम्पो उभे करायला जागा हवी होती आणि रोहितच्या मनानं ते घेतलं होतं.

"आई, माती मेलीय," तो म्हणाला. "भराव टाकू, रोलर फिरवू. दर महिन्याला बसल्या जागी भाडं. तू या वयात कशाला खपतेयस?"

जिजाबाई म्हणाल्या, "एक हंगाम देते सुगंधाला. फळ धरल्यावर मी सोता झाड उपटून बघीन. मुळाला गाठी निघाल्या तर जागा तुजी. घाल डंपर. न्हाय निघाल्या तर पुन्यांदा नाव काढायचा न्हाय."

बाई शब्दाची पक्की. गावात कुणालाही विचारा. आणि भराव म्हणजे काय, ते सुगंधानं शेजारच्या रानात बघितलं होतं. फुटक्या टाइल्स, प्लास्टरचे ढेपळे, मोरीचे तुकडे. तो एकदा पडला की उचलून न्यायला कुणी येत नाही. माहेरी रत्नागिरीकडे तिच्या वाट्याला वीतभर जमीन नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा या वाडीत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं काहीतरी लावलं होतं आणि ते उगवलं होतं. ते सगळं आता एका मुळावर येऊन ठेपलं होतं.

तेव्हा ती पुन्हा मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "कमी करायचं तर कमी करायचं. सांगा."

मॅडमनी सांगितलं ते ऐकून तिला आधी वाटलं, थट्टा करतायत. कोलंबीची टरफलं! जी गावातल्या बायका टोपल्या भरभरून खाडीत ओततात, तीच.

"टरफलाला जो कडकपणा असतो ना, तोच पदार्थ या कृमींच्या अंड्याच्या कवचात असतो," मॅडम म्हणाल्या. "टरफलं कुजवून मातीत घातली की ती खाणारे जिवाणू वाढतात. त्यांना चटक लागली की ते अंडीही पोखरतात."

"म्हणजे खाली मातीत एकमेकांना खाणं चाललेलं असणार?"

"असंच समजा. पण तीन गोष्टी सांभाळायच्या. खारवलेल्या मासळीचा कचरा आणायचा नाही, माती खारी होईल. कच्चं टाकायचं नाही, मुळं जळतील. आणि यंदा लागवड वरच्याच तुकड्यात; खालच्या तुकड्यातलं काही वर न्यायचं नाही. पाय नाही, कुदळ नाही, मातीचा कणसुद्धा नाही."

शेजारची आशा कोलंबी सोलायच्या कामाला जाते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या बाहेर पडल्या आणि आशा रोज संध्याकाळी टरफलांची टोपली आणायला लागली. सुगंधानं त्यात भाजीबाजारातला कचरा घातला, पालापाचोळा घातला, निंबोळी पेंड घातली, वर ताडपत्री टाकली. वास काय विचारता! माश्यांचं नुसतं मोहोळ.

"नाव बघा बाईचं सुगंधा, आणि अख्खी तारोडी नाक दाबून फिरतेय!" आशा म्हणायची.

सुगंधाला हसू येत नसे. प्रत्येक टोपलीतलं एक टरफल उचलून ती जिभेला लावायची, खारट लागतंय का बघायला. आशा ओरडायची, "अगो मरशील! मी काय तुला खारवलेला आणून देईन?" पण सुगंधाचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. एकदा शंका आली म्हणून तिनं अख्खी टोपली परत पाठवली, आणि आशा दोन दिवस बोलली नाही.

ढीग तापला, निवला, तिनं तो उलटा-पालटा केला, पुन्हा तापला. दसऱ्यापर्यंत वास गेला आणि टरफलं बोटांत चुरडायला लागली. मग तिनं सगळं वरच्या तुकड्यात मिसळलं, पाणी दिलं आणि माती झाकून ठेवली. दोन्ही तुकड्यांच्या मधे बांबू आडवा बांधला. बांबूपाशी पाण्याची बादली, वरच्या तुकड्यासाठी वेगळ्या चपला, वेगळं खुरपं, वेगळं फावडं. कोंबडी पलीकडून आली तर सुगंधा तिच्यामागे दगड घेऊन धावे. निकेत एकदा सहज सिगारेट ओढत वर गेला, तर तिनं त्याला असं काही फाडून खाल्लं की बिचारा सुट्टीच्या दिवशीही वाडीकडे फिरकेनासा झाला.

जिजाबाई सगळं बघत होत्या. सुनेला जेवण जात नाहीये, ती झोपेत बडबडतेय, हे त्यांना दिसत होतं. त्या वाडीत येताना न सांगता पाय धुवायच्या, चपला बदलायच्या. एकदा नुसतं म्हणाल्या, "इतका भ्या बरा न्हाय गो. माती हाय ती."

दिवाळी झाल्यावर सुगंधानं वसईकडच्या नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणली. आळी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. रोपं लागली, आणि काय सांगू, अशी उसळली! संक्रांतीला झाडं कमरेला आली. खोडं अंगठ्याएवढी, पानं काळीभोर, फुलांचे घोस, खाली हिरव्या फळांची दाटी. आशा म्हणाली, "पुढल्या वर्षी टरफलाचा भाव लावते तुला." तेव्हा सुगंधा पहिल्यांदा हसली. आपण हसलो याचीच तिला मग धास्ती वाटली.

आणि एका दुपारी, विहिरीकडच्या रांगेत, एका झाडानं मान टाकली.

एकच झाड. बाकीची ताठ. सुगंधा त्याच्यासमोर उकिडवी बसली. उपटावं तर कळेल. पण उपटायला हात होईना. या रोगाचं हेच तर वाईट आहे, जिवंत झाड मारल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. ती संध्याकाळपर्यंत तिथंच बसली. उन्हं कलली तसं झाड हळूहळू उभं राहिलं. गेल्या वर्षी अगदी असंच उभं राहायचं. तिला रडूच फुटलं.

जिजाबाई पाय धुऊन, चपला बदलून वर आल्या. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको. ह्या झाडांना काय व्हत न्हाय. मी वळख दिलीय त्यांना."

"कसली ओळख, आई?"

"मातीची. आमच्या घरात रीत हाय. नवा वाफा लावला का थोरल्या बाईनं जुन्या वाफ्यातली मूठभर माती एकेका आळ्यात घालायची. मंग नवी माती घरच्यांना वळखते. माज्या सासूनं घातली, तिच्या सासूनं घातली. तू रोपा आनायला गेलीस ना, तवा घातली मी, वरून काळी लोटली. पाय धुऊनच गेले गो, चपला पन बदलल्या."

सुगंधा झटकन वळली. "कुठली माती घेतलीत?"

"खालची. फनसापाशी माजा टोमॅटो कसा व्हायचा, तू न्हाय बघितलास. ओटी भरून आनली."

ओटी भरून! जी माती चपलेच्या तळाला लागून येऊ नये म्हणून ही बाई उन्हातान्हात बादली भरत होती, ती म्हातारीनं मायेनं पदरात घालून आणली आणि एकेका रोपाच्या मुळाशी नेमकी ठेवली. सुगंधा ओरडली नाही. तिनं सासूच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर इतकं समाधान होतं की तिची जीभच उचलेना.

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं आशाला सगळं सांगितलं. आशानं कपाळावर हात मारला. "सांगून टाक म्हातारीला! रोहित आला का ती झाड उपटनार, गाठी दिसनार, आनि तुज्या मेहनतीवर पानी पडनार. ती म्हनेल, टरफलांचा काय उपेग झाला न्हाय."

"सांगू काय? तुमच्या हातानं वाडी गेली म्हणून सांगू?"

"मंग जाऊ दे वाडी."

सुगंधाला दोन्ही गोष्टींची सारखीच भीती वाटत होती. वाडीत गेली की वाटे, आज सांगून टाकावं. घरात आली, जिजाबाई चुलीपाशी बोंबील भाजताना दिसल्या, की वाटे, मेले तरी सांगणार नाही. ही बाई आयुष्यभर या मातीत राबली, तिला हे ऐकवायचं? असं करता करता आठवडा सरला आणि रविवारी रोहित येऊन उभा राहिला. बरोबर शिवा, टेम्पोवाला. आवाज ऐकून शेजारून आशाही आली.

शिवा जागा बघून खूश झाला. "गेट इथं पडेल, रोहितभाई. मस्त जागा है," म्हणाला आणि पावलांनी अंतर मोजायला लागला. रोहितनं त्याला बांबूपाशीच थांबवलं, एवढं मात्र त्याच्या ध्यानात होतं. मग त्यानं झाडं बघितली.

"वहिनी, झाडं तर भारी आलीयत," तो म्हणाला. मग विहिरीकडे बोट केलं. ऊन चढलं होतं आणि ते एक झाड पुन्हा मान टाकून उभं होतं. "पण ते बघ. तेच ना?"

सुगंधानं मान हलवली.

"मग आई, ते उपट. लगेच कळेल."

"त्याचा तोंडच सांगतोय," जिजाबाई म्हणाल्या. "रोगी झाड उपटून कसली परीक्षा? चांगला उपटते." आणि त्यांनी मधल्या रांगेतलं सगळ्यांत लेकुरवाळं झाड निवडलं. फळं लाल व्हायला लागली होती त्याची. त्यांनी सुगंधाकडे बघितलं, धीर दिल्यासारखं हसल्या, पदर खोचला आणि बुंध्याला हात घातला.

"आई, नको!" सुगंधा ओरडली.

पण झाड निघालं होतं. दोन्ही हातांनी धरलेलं, खाली मातीचा हा एवढा गड्डा लोंबतोय. जिजाबाईंनी तो जमिनीवर हलकेच आपटला. काळी माती भुरभुर गळून पडली, टरफलांचे गुलाबी कण चमकले आणि मुळं मोकळी झाली. लांब, पांढरीशुभ्र, केसासारखी पसरलेली. रोहित वाकून बघायला लागला. शिवासुद्धा बांबूवरून डोकावला.

फक्त मधे, बुंध्याच्या थेट खाली, मूठभर माती सुटली नव्हती. ती लाल होती. जिजाबाईंनी ती अंगठ्यानं फोडली. आत मुळांना गाठी होत्या. टपोऱ्या, पिवळट, एकाला एक चिकटलेल्या. त्या लाल मुठीएवढ्याच जागेत. तिथून बाहेर काळ्या मातीत गेलेलं प्रत्येक मूळ साफ होतं.

"गाठी आहेत," रोहित म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण त्यानं म्हटलं.

लाल मातीचा तुकडा जिजाबाईंनी तळहातावर घेतला, बोटानं फिरवला. पायाशी काळी माती, हातात लाल. पायाशी काळी, हातात लाल. मग त्या खाली फणसाकडे बघायला लागल्या आणि सुगंधाला कळलं की आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

"ही माजी माती हाय," जिजाबाई म्हणाल्या.

"आई..."

"तुला ठावं व्हता?"

सुगंधानं मान खाली घातली. "हो."

"वळख दिली म्हनाले, तवाच?"

"हो."

"नि बोलली न्हाईस."

"बोलवेना, आई."

म्हातारी मातीत बसली. एकदम खचल्यासारखी. रोहितला काही उमगेना. त्याला आशानंच पुढे होऊन चार वाक्यांत सांगितलं. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा वहिनीकडे, मग शिवाकडे वळून म्हणाला, "तू गाडीत बस जरा." शिवा काही न विचारता गेला.

"आई, तू शब्द दिला होतास," तो हळूच म्हणाला. "मी काही म्हणत नाही. तू सांगशील तसं."

"दिला व्हता. सुनेच्या मातीत गाठ निघाली तर, असा दिला व्हता." जिजाबाईंचा आवाज फाटला होता. "तिच्या मातीत एक न्हाय. ह्या माज्या हातच्या हायत. जागा न्हाय देत मी, रोहित. डंपर न्हाय. माज्या चुकीचा दंड तिनं कशाला भरायचा?"

रोहितनं मान डोलावली. थोडा वेळ उभा राहिला, उपटलेल्या झाडाची पिकलेली दोन फळं तोडून त्यानं आईसमोर ठेवली आणि गाडीकडे गेला. वाडी राहिली. सुगंधाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरलाच नाही. एकेका आळ्यात लाल मूठ होती. एकेका झाडाखाली ते कृमी बसलेले होते, अंडी घालत. काळी माती त्यांना खाईल, की ते काळ्या मातीत पसरतील, हे मॅडमनाही छातीठोक सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा टरफलं, पुन्हा बादली, पुन्हा एक झाड मारून बघायचं. हे आता जन्माचं झालं होतं.

"पुढल्या खेपेला टरफला जास्ती लागतील," जिजाबाई पुटपुटल्या. "आशाला सांगून ठेव."

"ठेवते. चला, उठा. ती पुढची फळं तोडायला झालीयत, हात लावा जरा."

जिजाबाईंनी दोन्ही हात मागे घेतले आणि पदराखाली लपवले. "मी न्हाय लावत," त्या म्हणाल्या. लहान पोरीसारखं तोंड झालं होतं त्यांचं. "मी न्हाय आता कुठल्या झाडाला हात लावत. तूच तोड. मी बांबूच्या पल्याड बसते."

हेच तर सुगंधाला हवं होतं सगळा हंगाम! कुणी वर येऊ नये, कुणी हात लावू नये. आणि आता ते मिळालं, तर तिला ते बघवेना. तिनं सासूचे हात पदराखालून ओढून बाहेर काढले, पुढच्या झाडापाशी नेले, लाल फळावर ठेवले.

"तोडा आई. हाताला काही नसतं," ती म्हणाली. आणि म्हणताना तिचे डोळे मात्र म्हातारीच्या नखांत भरलेल्या लाल मातीवरून हलेनात.